चपटा तळ की व्ही तळ, आधी ट्रान्सम (बोटीची मागची, इंजिन लावायची फळी) मोजा

मासेमारीसाठी चपट्या तळाची बोट घ्यावी की व्ही तळाची, या तुमच्या प्रश्नावर चपट्या तळाची जॉन बोट (छोटी उघडी बोट) जास्त स्टेबल असं कुणीतरी वर लिहिलंय, ते अर्धंच खरं. शांत तळ्यात उभं राहून गळ टाकायला ती झकास, अगदी उथळ पाण्यातही शिरते. पण मी मिशिगनला लेक सेंट क्लेअरवर जातो, तिथे सरासरी खोलीच जेमतेम ११ फूट, त्यामुळे जरा वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि चपटा तळ प्रत्येक लाटेवर धाडकन आपटतो. मित्राच्या १४ फुटी जॉनमधून एकदा परत येताना चहाचा थर्मास उडून पाण्यात गेला आणि कंबर दोन दिवस धरून होती. व्ही तळ पाणी कापत जातो, फक्त बोटीतले दोघंही मासा जाळीत घ्यायला एकाच बाजूला वाकले की चांगलाच कलतो (सवय होते).

आणि जुनंच ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन लावणार म्हणताय ना, मग टेप घेऊन जा आणि दोन्ही बोटींच्या ट्रान्समची उंची मोजा. साधारण १५ इंचाला शॉर्ट शाफ्टचं (प्रॉपेलरपर्यंत जाणारा दांडा आखूड असलेलं) इंजिन, २० इंचाला लाँग. मी हे न बघता २० इंची ट्रान्समच्या व्ही बोटीला शॉर्ट शाफ्ट लावलं, प्रॉपेलर वरवर राहून हवा ओढायचा, इंजिन नुसतं किंचाळायचं आणि बोट जागची हलेना. शेवटी इंजिन बदलावं लागलं, स्वस्तातली बोट महागात पडली. तिथेच कपॅसिटी प्लेटही (बोटीवरची क्षमतेची पाटी) वाचून घ्या, किती हॉर्सपॉवरपर्यंत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं.