मदत हवी आहे : इटालियन 'लार्वा' म्हणजे भूत की अळी? (तातडीचं)

रानजाई
मंडळी, घाईत आहे. एका इटालियन मजकुराचं मराठी करतेय, उद्या दुपारपर्यंत दिवाळी अंकाला पाठवायचंय. दोन ओळींवर तीन दिवस अडकलेय. एका जागी 'लार्वा' आलंय. सोबत इंग्रजी भाषांतर आहे, त्यात तिथे 'घोस्ट'. शब्दकोशात मात्र अळी! पुढे 'स्पिरितो' आहे, इंग्रजीत 'स्पिरिट'. म्हणजे भुताचीच गोष्ट दिसते. पण इटालियनमध्ये भुताला 'फान्तास्मा' म्हणतात ना? मग हे वेगळे शब्द का? भूत, पिशाच्च, आत्मा यांतलं कुठे काय घालू? कृपया लवकर सांगा.

बांधावरचा
अळीच. माझं रेशीम उद्योगाचं काम आहे, हा शब्द रोजचा. अंडी, अळी, कोष, पतंग. इंग्रजी करणाऱ्याने चुकवलंय. अळी लिहा आणि मोकळ्या व्हा.

पुराणिक_काका
अळी हा अर्थ नंतरचा. लॅटिनमध्ये लार्वा म्हणजे भूत, आणि मुखवटासुद्धा. १८व्या शतकात प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तो शब्द किड्यांना लावला, कारण पुढचा पतंग अळीच्या रूपात मुखवट्याआड असावा तसा लपलेला असतो. लेमूर या प्राण्याचं नावही त्यानेच रोमन भुतांवरून ठेवलं. लेमुरेस म्हणजे घरात भटकणारे मृतात्मे. त्यांच्यासाठी मे महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखेला लेमुरिया हा विधी पाळत. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठे, कडधान्याचे काळे दाणे मागे न बघता टाकत जाई आणि नऊ वेळा म्हणे की या दाण्यांनी मी स्वतःला आणि माझ्या माणसांना सोडवतो. रोमन कवी ओव्हिडने हे सगळं लिहून ठेवलंय. भूतबाधेवर आपण टाकतो त्या उताऱ्याशी ताडून बघा.

कुडाळकर
मग समंध लिहा की! पिशाच्च फार पुस्तकी. समंध म्हटलं की इच्छा राहिलेला, घराभोवती घोटाळणारा, असं चित्र लगेच उभं राहतं.

पुराणिक_काका
समंध नको. समंध, मुंजा, हडळ ही सगळी आपल्या रीतीभातींतून आलेली. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेला तो मुंजा. इटलीत मुंज कुठून आणणार?

कुडाळकर
मुंजा मी म्हटलंच नाही. आणि रोमन दाणे आपल्या उताऱ्याशी तुम्हीच ताडलेत, काका.

शब्दवेल
इंग्रजी 'घोस्ट'च्या स्पेलिंगमधला एच मूळचा नाही, हे इथे सांगायलाच हवं. जुन्या इंग्रजीत तो 'गास्ट', म्हणजे श्वास, प्राण. जर्मन 'गाइस्ट' त्याचाच भाऊ. १५व्या शतकात इंग्लंडमध्ये छपाई सुरू करणाऱ्या कॅक्स्टनच्या छापखान्यातून फ्लेमिश वळणाचा एच त्यात शिरला. इटालियन 'स्पिरितो'च्या मुळाशीही श्वासच. 'फान्तास्मा' ग्रीक, दिसण्यावरून आलेला. 'स्पेत्रो' लॅटिन, बघण्यावरून. न्यूटनने रंगांच्या पट्ट्याला दिलेलं 'स्पेक्ट्रम' हे नावही तिथलंच. म्हणजे भुतांची घराणी दोन, एक श्वासाचं आणि एक दिसण्याचं. मला हे फार सुंदर वाटतं.

रानजाई
माहिती छान आहे, पण मला स्पेलिंग नकोय हो. लार्वाला मराठीत काय लिहू, एवढंच सांगा.

पो_काठी
ताई, पूर्ण वाक्य द्या. मजकूर कुणाचा, कधीचा?

रानजाई
त्याने काय फरक पडतो? बरं. माझ्या तोरिनोतल्या घरमालकीणबाईंनी लिहिलेल्या लहानपणच्या आठवणी आहेत, इंग्रजी त्यांच्या नातवाने केलंय. वाक्य असं : 'पापा तोर्नो के एरा उना लार्वा.' बाबा परत आले ते लार्वा होऊन. मग आईने सूप दिलं, दोन चमच्यांच्या वर गेलं नाही. पुढे कपाटातली चेरीची बरणी, 'सोत्तो स्पिरितो'. सोत्तो म्हणजे खाली. आत्म्याच्या खाली चेरी?

कुडाळकर
सूप प्यायला ना? समंधच. आपल्याकडेही दहीभात ठेवतातच की.

पो_काठी
समंध राहू दे जरा. बाबा परत आले ते कुठून? कोणत्या साली?

रानजाई
१९४५. जर्मनीहून, कैदेतून.

पो_काठी
अहो, मग हे आधी सांगायचं! ताई, बाबा जिवंत आहेत. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीचा दोस्त राष्ट्रांशी झालेला शस्त्रसंधी जाहीर झाला आणि जर्मनांनी इटालियन सैनिकांची शस्त्रं काढून घेतली. ६ लाखांहून जास्त जणांना छावण्यांत नेलं. युद्धकैद्यांचा दर्जाही दिला नाही, उपाशीपोटी राबवलं. खंगून गेलेल्या माणसाला इटालियनमध्ये आजही 'लार्वा' म्हणतात. नातवाचं 'घोस्ट' इंग्रजीत खपून जातं. मराठीत 'भूत होऊन आले' छापलंत तर त्या बाईंच्या बाबांना तुम्ही मारून टाकाल. कृपा करून तसं पाठवू नका.
आणि 'सोत्तो स्पिरितो' म्हणजे मद्यार्कात मुरवलेली चेरी. स्पिरितो म्हणजे प्राण, भूत, हजरजबाबीपणा आणि मद्यार्कसुद्धा. इंजेक्शनआधी आपल्या दंडाला लावतात ते स्पिरिट तेच.

शब्दवेल
मग 'हाडांचा सापळा' लिहा. थेट आणि आपला.

पुराणिक_काका
सापळ्यात भुताची छटा हरवते. 'सावली' घ्या. इटालियन कवी दान्ते मृतात्म्यांना 'ओम्ब्रा' म्हणतो, म्हणजे सावली. त्यांच्या देहाची सावली पडत नाही, म्हणून पर्गेटरीत, म्हणजे पापं धुऊन निघतात त्या परलोकात, दान्तेची सावली बघून ते आत्मे दचकतात. आणि 'नुसती सावली उरली' हे आपण जिवंत माणसाबद्दलच म्हणतो.

कुडाळकर
हे मला पटलं. समंध राहू दे.

रानजाई
आत्ता खाली जाऊन बाईंना विचारून आले. पो_काठी, तुमचं अगदी बरोबर. ती चेरी आईने १९४३च्या उन्हाळ्यात घातली होती, बाबा आले की उघडायची म्हणून. आले तेव्हा त्यांना काही पचेना, म्हणून आईने फक्त त्यातला रस बोटाने त्यांच्या ओठांना लावला. सांगताना बाई रडल्या, मीही. असं पाठवतेय : 'बाबा परत आले, पण त्यांची नुसती सावली उरली होती.' आणि बरणीला 'दारूत मुरवलेली चेरी'. चालेल?

बांधावरचा
चालेल. अळीचं मागे घेतो. बाबा पुढे बरे झाले का?

रानजाई
झाले. पुढच्या जूनमध्ये झाडावर चढून चेरी त्यांनीच उतरवल्या, असं त्यानंतरच्या पानावर आहे. ते आज रात्री करते.