मदत हवी आहे : उपासनेसाठी अभंगरचना आणि पाचारण

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी 11 वर्षांपासून रविवारच्या उपासनेत पेटी वाजवत आहे. गेल्या वर्षभरात स्वतःची गीते सुचू लागली असून, ही केवळ हौस नसून देवाचे पाचारण आहे, अशी माझी खात्री होत चालली आहे.

1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीतून ख्रिस्तभक्ती गायिली. तीच वाट मला आपली वाटते. अडचण रचनेची आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 6 आणि चौथ्यात 4 अक्षरे येतात. ‘वधस्तंभ’ (क्रूस) चौथ्या चरणात नेमका बसतो, परंतु ‘पुनरुत्थान’ (ख्रिस्ताचे मरणातून उठणे) हा शब्द 5 अक्षरांचा असल्याने तेथे मावत नाही, आणि त्याऐवजी ‘उठला’ म्हटले तर अर्थाचे गांभीर्य उणावते, असे मला वाटते. अशा वेळी जाणकार काय करतात?

दुसरे असे, की टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. माझ्यावर मात्र आईवडिलांची जबाबदारी आहे. नोकरी सांभाळून ही सेवा करणाऱ्यांनी, आणि नवी गीते पाळकसाहेबांकडून तपासून घेऊन उपासनेत आणलेल्यांनी, आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.