मदत हवी आहे: बोलेरोला मागे रिमोल्ड (जुन्यावरच नवं रबर चढवलेले) टायर घालावेत का?

नमस्कार मंडळी. घरच्या बोलेरोच्या (२१५/७५ आर १५) मागच्या टायरांची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेला, म्हणजे टायर बदलायच्या मर्यादेला, टेकली आहे. टायरवाला म्हणतो, यांच्यावरच कोल्ड प्रोसेसने (कमी तापमानात चिकटवून) नक्षीची नवी तयार पट्टी चढवून घ्या, बरेच पैसे वाचतील. एसटी, ट्रकला हे सर्रास चालतं; पण तिथे मागे जोडचाकं असतात, एक फुटलं तरी दुसरं भार तोलतं. आमच्या गाडीत आई-बाबा, मुलं बसतात आणि आंबोली घाट नेहमीचा. पुढे नवेच घालणार, त्यात तडजोड नाही.

मागे रिमोल्ड घालून भर उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट कुणी केलाय का? पट्टी सुटली का? टायरवर १२१९ छापलंय, म्हणजे २०१९ चा बारावा आठवडा. इतक्या जुन्या टायरवर रबर चढवावं का? अनुभवी चालकांनी कृपया सांगा.