शब्दचर्चा: 'लिटररी जर्नालिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

जॉन हर्सी (१९१४–१९९३) यांच्यावर नोंद लिहितेय. 'अमेरिकी कादंबरीकार' इथवर ठीक. पण पुढे? खऱ्या घटना कादंबरीसारख्या मांडणारा पत्रकार, म्हणजे 'लिटररी जर्नालिस्ट'. त्याला 'साहित्यिक पत्रकार' लिहिलं तर पुस्तक परीक्षणं करणारे वाटतात.

▪ 'ललित पत्रकार' घ्या की. 'ललितलेखक' रूढच आहे.

▪ रूढ आहे म्हणूनच नको! ललित म्हटलं की आपल्याकडे पाऊस, प्राजक्त आणि आजोळचं अंगण. हर्सींचं 'हिरोशिमा' उघडून बघा. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. तोशिको सासाकी ही कारकून नुकतीच जागेवर बसलीय, शेजारच्या मुलीशी बोलायला मान वळवतेय. तेवढ्यात बॉम्ब. मागची पुस्तकांची कपाटं अंगावर कोसळतात, तिचा पाय मोडतो. बॉम्बमधून बचावलेल्या सहा जणांची हकीकत अशीच, कुठेही गळा न काढता. 'द न्यू यॉर्कर'ने ३१ ऑगस्ट १९४६चा अख्खा अंक या एका लेखाला दिला होता. याला ललित म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

▪ बांधणी मात्र कादंबरीची आहे. थॉर्नटन वाइल्डर यांच्या 'द ब्रिज ऑफ सान लुइस रे' या कादंबरीवरून ती सुचली, हे हर्सींनीच सांगितलंय. मग 'सत्यकादंबरी' का नको?

▪ हर्सींना ते मुळीच रुचलं नसतं. पत्रकाराने काहीही रचून घालायचं नाही, असं त्यांनी १९८०च्या निबंधात ठणकावलंय. टॉम वुल्फ, नॉर्मन मेलर, ट्रुमन कपोटी, खऱ्या घटनांवर कादंबरीच्या ढंगात लिहिणाऱ्या या तिन्ही अमेरिकी लेखकांची त्यात खरडपट्टी आहे. स्वतःची दोन्ही खाती त्यांनी वेगळी ठेवली. 'अ बेल फॉर अडानो'मधलं सिसिलीतलं गाव काल्पनिक, म्हणून ती कादंबरी. तिला १९४५चं पुलित्झर मिळालं.

▪ 'वृत्तांतकार'?

▪ सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणारे सेक्रेटरी डोळ्यांपुढे येतात.

▪ रिपोर्ताज! म्हणजे प्रत्यक्ष पाहून-ऐकून लिहिलेला वृत्तलेख. अनिल अवचटांमुळे मराठी वाचकाला तो सवयीचा आहे. फक्त 'रिपोर्ताजकार' करू नका, फ्रेंच शब्दाला संस्कृत शेपूट कशाला?

▪ 'कादंबरीकार आणि रिपोर्ताज-लेखक' लिहिते मग. जन्म चीनमधल्या तिआनजिनचा, आईवडील मिशनरी, हे घेतलंय. आणखी काही राहिलं का?

▪ १९८५चं प्रकरण घ्या. त्या सहा जणांचं पुढे काय झालं ते बघायला हर्सी परत हिरोशिमाला गेले होते, ते नंतर पुस्तकाला जोडलं गेलं. जुनी प्रत असेल तर त्यात ते सापडणार नाही.