पार्व्हो किटवर फिकट रेघ, पण लस देऊन सहाच दिवस झालेत. लसीमुळे आली की खरंच पार्व्हो?

भांडुपची_मेधा
नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

खारी, कुत्र्याचं सव्वादोन महिन्यांचं मादी पिल्लू. दहा-अकरा दिवसांपूर्वी भांडुप स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीखाली भिजत बसलेली मिळाली. जंताचं औषध दिलं आणि मागच्या गुरुवारी पहिली लस. काल रात्रीपासून पिवळ्या फेसाच्या उलट्या. पहाटे जुलाब सुरू झाले, तिसऱ्या वेळी पाणी गुलाबी होतं. वास इतका उग्र की शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारून गेल्या.

सकाळी डॉक्टरांनी शीचा स्वॅब घेऊन पार्व्होचं (कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) किट लावलं. 'सी'ची रेघ (किट नीट चाललं हे सांगणारी) ठळक आली. 'टी'ची (विषाणू सापडला हे सांगणारी) इतकी पुसट की किट खिडकीशी नेऊन तिरकं धरल्यावर दिसली. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो समजूनच सलाईन सुरू करू. दुसऱ्या एका दवाखान्यात फोन केला, तिथे म्हणाले, "ही लसीची रेघ आहे. आधी पीसीआर करा, तोवर घरी ओआरएस पाजा." पीसीआर म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी लॅबची तपासणी, तिला २,५०० रुपये आणि दोन दिवस. माझ्याकडे या महिन्यात सगळं एकदम करण्याइतके पैसे नाहीत. किट, पीसीआर आणि रक्ततपासणी यांतलं आज नक्की काय करू? घरात आमचा सात वर्षांचा कुत्रा बंड्याही आहे. लहानपणीच्या सगळ्या लसी आणि पुढचे बूस्टर झालेत, फक्त गेल्या वर्षीचा राहिला.

लालबागचा_फीडर
ताई, रिपोर्टसाठी थांबू नका. मी थांबलो होतो. आमच्या गल्लीतल्या पिल्लाचं किट निगेटिव्ह आलं, मला हायसं वाटलं, त्याला दहीभात घालून घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा किट लावलं तर 'टी'ची रेघ 'सी'पेक्षा गडद. तोवर ते इतकं कोरडं पडलं होतं की पायाला शीरच सापडेना. गेलं ते. आज सलाईन लावा, बाकीचं मागून बघू.

परळचे_लॅबवाले_काका
मेधाताई, मी ३१ वर्षं प्राण्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. मी फक्त तपासण्यांबद्दल सांगतो, कारण तुमच्या २,५०० रुपयांचा प्रश्न तिथेच सुटतो.

किट शीमधला विषाणू पकडतं, पण तो भरपूर असावा लागतो. संसर्ग झाल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विषाणू शीत येतो, मग खूप वाढतो आणि दहा-बारा दिवसांनी इतका उतरतो की किटला दिसत नाही. म्हणजे लवकर केलं तरी निगेटिव्ह, उशिरा केलं तरी निगेटिव्ह. जुलाब अगदी पाण्यासारखे असले की विषाणू पातळ होतो. आतड्यात तयार झालेल्या अँटीबॉडीज त्याला झाकून टाकतात, तेव्हाही रेघ येत नाही. म्हणून किटच्या 'आहे'वर विश्वास ठेवायचा, 'नाही'वर ठेवायचा नाही. लालबागच्या दादांच्या पिल्लाचं तेच झालं असणार.

आता लसीचं. लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. तोही आतड्यात थोडा वाढतो आणि शीत उतरतो. त्यामुळे लसीनंतर चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास किटवर कधीकधी पुसट रेघ येऊ शकते. फोनवर सांगितलं ते एवढ्यापुरतं खरं आहे. पण लसीच्या विषाणूने रक्ती जुलाब होत नाहीत. रेघ आणि पिल्लू एकत्र वाचायचं असतं. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदासुद्धा. खारी रस्त्यावरूनच पार्व्हो घेऊन आली असेल किंवा लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकाखालून. लस उशिरा पोचली, तिचा दोष नाही.

आणि पीसीआर? ती किटपेक्षा कितीतरी बारीक जाळी आहे, विषाणूचा अंशही पकडते. पण त्यामुळेच सहा दिवसांपूर्वीची लसही पकडते! साधी पीसीआर पॉझिटिव्ह आली तर तुम्ही परत याच प्रश्नावर याल, दोन दिवस उशिरा. लस आणि रस्त्यावरचा विषाणू वेगळे ओळखणारी पीसीआर असेल किंवा लॅब सीटीचा आकडा देत असेल, तरच तिचा इथे उपयोग. सीटी जितका कमी तितका विषाणू जास्त. लस झालेली नसताना, किट निगेटिव्ह आणि लक्षणं मात्र पार्व्होची असतील, तेव्हा पीसीआर जरूर करावी.

तुमच्यासाठी आजची तपासणी म्हणजे सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. पार्व्हो हाडांतल्या मज्जेवरच घाला घालतो, पांढऱ्या पेशी कोसळतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण ६,००० ते १७,००० असतात. २,०००-३,००० आल्या तर ही लसीची रेघ नाही. चांगल्या आल्या तर मात्र सुटलो म्हणू नका, उद्या परत बघा. सोबत रक्तातली साखर बघायला सांगा, या वयात ती पटकन उतरते. शीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घालून जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) हेही बघू देत.

आमच्या सुरुवातीच्या काळात ही किटं नव्हती. सकाळी देवनारहून डुकराचं रक्त आणायचं, पेशी धुवायच्या, खळग्यांच्या प्लेटमध्ये शीच्या पाण्यासोबत मिसळून फ्रिजमध्ये ठेवायच्या. विषाणू नसला की पेशी तळाशी लाल बटणासारख्या बसायच्या, असला की खळगाभर जाळीसारख्या पसरायच्या. १९७८ साली हा रोग कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. ती जाळी मी शेकडो वेळा पाहिली, पण प्लेट वाचून होईपर्यंत पिल्लू कधी थांबलं नाही.

चारकोपची_सायली
काकांना धरूनच एक सांगते. खारीच्या डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड किंवा खोकला असेल तर डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूचा आजारही डोक्यात ठेवा, त्यातही जुलाब होतात. त्याला शी नाही, पापणीच्या आतला स्वॅब घेतात. आमच्या जिमीला झटके सुरू झाल्यावर डोळ्याचा स्वॅब निगेटिव्ह आला आणि लघवीची पीसीआर पॉझिटिव्ह. उशिराच्या टप्प्यात डोळ्यात सापडत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिथेही ताज्या लसीमुळे पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते.

भांडुपची_मेधा
डोळे, नाक स्वच्छ आहेत. सीबीसी केली. पांढऱ्या पेशी २,३००. साखर ५८, डॉक्टरांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन सुरू आहे, पीसीआर रद्द केली. ती माझ्या ओढणीत गुंडाळलेली आहे, कान गार लागतायत.

काका, बंड्याचं काय करू? आणि अँटीबॉडीची तपासणी कशासाठी असते? तीही एकाने सुचवली.

परळचे_लॅबवाले_काका
२,३०० म्हणजे उत्तर मिळालं. कानांसाठी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, थेट अंगाला नको.

अँटीबॉडीची तपासणी खारीसाठी नको. तिच्यात आईच्या दुधातून आलेल्या, लसीच्या आणि रोगाच्या अँटीबॉडीज एकमेकींत मिसळलेल्या असतील, आयजीजी या अँटीबॉडीच्या आकड्यावरून काही कळणार नाही. तीच तपासणी बंड्यासाठी मात्र अगदी योग्य. लसीकरण पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्याचं पार्व्होपासूनचं संरक्षण सहसा तीन वर्षं आणि त्यापुढेही टिकतं. ते आहे की नाही, हे टायटर किटने, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीज बघणाऱ्या किटने कळतं. तोवर दोघांची भांडी आणि चादरी वेगळ्या.

फरशीला फिनेल चालत नाही, या विषाणूला ते काहीच करत नाही. आधी घाण पूर्ण पुसून घ्या, मग ३ लिटर पाण्यात १०० मिली ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. गॅलरीचा उंबरठा आणि तुमच्या चपलांचे तळवे विसरू नका.

भांडुपची_मेधा
पाचवा दिवस. काउंट काल ३,९०० होता, आज ६,८००. काल दुपारनंतर उलटी नाही. सकाळी सिरिंजने चिकनचं पाणी दिलं तर तिने सिरिंजच दातांत धरून ठेवली. बंड्याच्या टायटरची रेघ ठळक आली. तो दाराच्या फटीला नाक लावून बसलाय.

परळचे_लॅबवाले_काका
फार बरं वाटलं. अजून दोन-तीन आठवडे तिच्या शीतून विषाणू पडू शकतो. खाली रस्त्यावर नेऊ नका, तिथल्या पिल्लांना लस नसते. राहिलेले डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, शेवटचा १६ आठवड्यांच्या आधी नको. आणि बरी दिसतेय म्हणून परत किट लावू नका, त्या पैशांचं चिकन आणा.

भांडुपची_मेधा
हो काका. उद्या सलाईनची सुई काढणार आहेत.