पुनर्विवाहितांना कम्युनियन नाकारणे ही खरोखर ख्रिस्ताची आज्ञा आहे का?

उंबरठा
घटस्फोटानंतर दुसरे लग्न केलेल्या कॅथलिकांनी कम्युनियनच्या, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानलेली पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभे राहू नये आणि त्यांना जवळ करणारी ख्रिस्तसभा (चर्च) जगापुढे मान तुकवते, असे ‘जुनी वेदी’ यांनी काल येथे लिहिले. त्याखाली लगोलग ‘आमेन’ची रांग लागली. मला ते वाचून फार त्रास झाला, म्हणून सविस्तर उत्तर देते आहे.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, येशूकडे येतात ते पुरुषाच्या अधिकाराचा प्रश्न घेऊन. ‘कोणत्याही कारणावरून बायको टाकता येते काय,’ असे ते विचारतात. त्या काळच्या यहुदी व्यवहारात सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाची चिठ्ठी, लिहून देण्याचा अधिकार पतीचा होता. शम्माय या धर्मशिक्षकाचे अनुयायी त्यासाठी निर्लज्ज वर्तनाचे कारण मागत, तर हिल्लेल या दुसऱ्या धर्मशिक्षकाच्या अनुयायांना स्वयंपाक करपला एवढे कारणही पुरत असे. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे उत्तर अशा मनमानीला दिलेले आहे आणि ज्या स्त्रीला एका चिठ्ठीवर घराबाहेर काढले जात होते तिच्या बाजूने दिलेले आहे. तेच वचन आज मार खाऊन बाहेर पडलेल्या स्त्रीविरुद्ध वापरले जाते, तेव्हा आपण ते कोणाच्या हातात देत आहोत याचा विचार करावा.

माझ्या धाकट्या बहिणीने अनेक वर्षे मारहाण सोसली आणि शेवटी मुलाला घेऊन ती बाहेर पडली. पुढे तिने एका सज्जन माणसाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आज ती दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाते आणि कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहते. तिच्या पहिल्या पतीने दुसरे लग्न केलेले नाही, त्यामुळे तो मात्र रांगेत उभा राहतो. ही व्यवस्था ख्रिस्ताच्या मनासारखी आहे, असे कोणी मला समजावून सांगावे.

जुनी वेदी
आपल्या बहिणीच्या दुःखाबद्दल मला मनापासून वाईट वाटते, पण आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. मारहाण होत असेल तर पतीपासून वेगळे राहण्याचा अधिकार ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 1153वे कलम स्पष्टपणे देते. पोप फ्रान्सिस यांनी 2016च्या आपल्या पत्रात असे वेगळे होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असेही लिहिले आहे. मार खात राहा असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो पहिला जोडीदार हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाचा.

आणि येशूचे ते बोलणे केवळ पुरुषांसाठी होते, हे मला मान्य नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात शिष्य घरी आल्यावर पुन्हा तोच प्रश्न काढतात, तेव्हा पतीला टाकून दुसरा विवाह करणाऱ्या पत्नीचाही उल्लेख येतो आणि तेथे कोणताही अपवाद नाही. लूकच्या शुभवर्तमानात, 16:18 मध्येही नाही.

तुम्ही कुटुंबातील गोष्ट सांगितली, म्हणून मीही सांगतो. मी लहान असताना वडिलांनी आम्हाला सोडले आणि दुसरा संसार थाटला. आई तरुण होती, तिला मागणीही आली होती. तिने नकार दिला, कारण तिने शब्द देवासमोर दिला होता आणि वडिलांनी आपला शब्द मोडला म्हणून आपला मोडत नाही, असे ती म्हणत असे. तिने आम्हाला एकटीने वाढवले. आज तुम्ही जेव्हा म्हणता की हे बंधन म्हणजे निर्दयपणा आहे, तेव्हा माझ्या आईचे आयुष्य एका गैरसमजापायी वाया गेले, असेच तुम्ही म्हणत असता. ते मी ऐकून घेणार नाही.

उंबरठा
मी तसे म्हटलेले नाही आणि माझ्या तोंडी ते घालू नका. आपल्या आईपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांनी स्वतःहून उचललेला क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर नियम म्हणून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय माझ्या मूळ प्रश्नाला आपण हात लावलेला नाही. मारणारा रांगेत आहे आणि मार खाणारी बाकावर आहे. यावर आपले काय म्हणणे आहे?

जुनी वेदी
त्याने पश्चात्ताप करून पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, केले नसेल तर तोही रांगेत उभा राहण्यास पात्र नाही. नियम दोघांना सारखाच आहे.

समास
नियम कागदावर सारखा आहे हे खरे, परंतु दुसरे लग्न सर्वांना दिसते आणि हिंसा बंद दारामागे राहते, त्यामुळे शिक्षा एकालाच होते. हे तरी मान्य करा.

मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो. आमच्याकडे पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, 7:15, महत्त्वाचे मानले जाते. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर भाऊ किंवा बहीण बांधलेली राहत नाही, असे पौल तेथे म्हणतो. 1646च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका जुन्या श्रद्धापत्राने, व्यभिचार आणि हेतुपुरस्सर त्याग ही दोन कारणे मान्य केली आणि निर्दोष जोडीदाराला पुनर्विवाहाची मोकळीक दिली. जो घरात राहून पत्नीचे हाड मोडतो त्याने तिचा त्यागच केलेला आहे, असे मानणारे पाळक आज पुष्कळ आहेत आणि मला ते योग्य वाटते.

परंतु आमच्या मंडळींची मोकळीकही निर्दोष नाही. माझ्या ओळखीच्या एका पाळकांनी एका गृहस्थाचे दुसरे लग्न लावताना पहिल्या पत्नीला पोटगी मिळते की नाही, एवढेही विचारले नाही. इंग्लंडच्या चर्चने 2002 मध्ये अशा विवाहांना अपवादात्मक परिस्थितीत मान्यता दिली, तेव्हा निदान पाळकाने चौकशी करावी अशी अपेक्षा ठेवली. आमच्याकडे ती चौकशीच नाहीशी झाली आहे. आणि कॅथलिक बांधवांनीही प्रामाणिकपणे सांगावे, की विवाह रद्दबातल ठरवण्याची सोय म्हणजे दुसऱ्या नावाने दिलेला घटस्फोटच नव्हे काय?

तिसरा बाक
नव्हे! हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते सहन होत नाही. घटस्फोट म्हणतो की लग्न होते आणि ते आता संपले. ख्रिस्तसभेचे न्यायाधिकरण वेगळाच प्रश्न तपासते, की विवाहाच्या दिवशी दिलेली संमती खरी होती का. जबरदस्ती, फसवणूक, मूल नकोच असा आधीपासूनचा निश्चय, किंवा 1983च्या कायद्यातील 1095व्या कलमाप्रमाणे वैवाहिक जबाबदारी पेलण्याची मानसिक असमर्थता, यांपैकी काही सिद्ध झाले तरच विवाह मुळात अवैध होता असे ठरते.

मी या प्रक्रियेतून गेलेली आहे. लग्नाआधीच्या माझ्या मनःस्थितीबद्दल अनोळखी माणसांसमोर बोलावे लागले, साक्षीदार म्हणून आईला उभे करावे लागले आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे लागले. निकाल लागल्यावर आमच्याच समूहातील एका बाईंनी माझ्या मुलीला ऐकवले, की आता तू अनौरस झालीस. हे धादांत खोटे आहे. 1137वे कलम सांगते की किमान एका जोडीदाराने सद्भावनेने केलेल्या अशा विवाहातील अपत्ये औरसच असतात. माझी मुलगी त्या रात्री जेवली नाही. तुम्हा वाद घालणाऱ्यांना त्याची कल्पना नाही.

समास
आपल्या मुलीला जे ऐकावे लागले ते निंद्य आहे. तरीही माझी शंका जात नाही. 1095वे कलम इतके रुंद आहे की फसलेल्या कोणत्याही लग्नात मागे वळून पाहिले तर अपरिपक्वता सापडेलच. मग ज्याला प्रक्रिया माहीत आहे, ज्याच्याकडे वेळ आहे, कागदपत्रे आहेत, तो सुटतो आणि बाकीचे अडकतात.

तिसरा बाक
म्हणूनच 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रक्रिया सोपी केली. पूर्वी एका न्यायाधिकरणाचा अनुकूल निकाल दुसऱ्याकडून कायम करून घ्यावा लागे, ती सक्ती गेली. उघड पुरावा असलेल्या आणि दोघांची संमती असलेल्या प्रकरणांत बिशपांना लवकर निर्णय देता येऊ लागला आणि शक्य तेथे प्रक्रिया विनामूल्य असावी असेही सांगितले गेले. अंमलबजावणी सर्वत्र सारखी नाही, एवढे मी कबूल करते, पण त्यापलीकडे आपले म्हणणे मला मान्य नाही.

जुनी वेदी
मला तर या सोपेपणाचीच भीती वाटते. खरी चूक लग्नाआधी होते. विवाहपूर्व शिबिरात दोन दिवस भाषणे होतात, प्रमाणपत्र मिळते आणि मुलगा व्यसनी आहे का, मुलीवर घरच्यांचा दबाव आहे का, हे कोणी एकांतात विचारत नाही. धर्मगुरूंनी तेथे कठोर व्हावे, म्हणजे नंतर न्यायाधिकरणाला उदार होण्याची वेळ येणार नाही.

तिसरा बाक
या एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे, आणि ते म्हणणे मला जड जाते आहे.

पूर्वेची खिडकी
पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेचा कोणी विचारच करत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे विवाह एकच असावा असे मानतात, परंतु पापामुळे तो मरू शकतो हेही मानतात. बिशप सवलत म्हणून दुसऱ्या आणि क्वचित तिसऱ्या विवाहाला परवानगी देतात. चौथ्याला मनाई इसवी सन 920 पासून आहे. दुसऱ्या विवाहाच्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात. तेथे घडलेले नाकारले जात नाही आणि माणसाला कायमचे बाहेरही ठेवले जात नाही.

जुनी वेदी
ती आपली परंपरा आहे, आमची नाही. आमच्याकडे 1981 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट लिहिले आहे, की जे मुलांसारख्या गंभीर कारणामुळे वेगळे होऊ शकत नाहीत त्यांनी भाऊ-बहिणीसारखे राहावे, मग कम्युनियन घ्यावे.

उंबरठा
त्याच पत्रात असेही लिहिले आहे, की अन्यायाने टाकले गेलेले आणि स्वतःच्या दोषाने विवाह मोडणारे यांत धर्मगुरूंनी फरक केला पाहिजे. आणि 2016च्या ज्या पत्राचा आपण वर आधार घेतलात, त्याच्याच 351व्या तळटीपेत कम्युनियन हे परिपूर्ण लोकांचे बक्षीस नसून दुबळ्यांसाठी औषध व पोषण आहे, असे म्हटले आहे. आपल्याला हवे ते वाक्य घ्यायचे आणि पुढचे सोडायचे, असे चालणार नाही.

जुनी वेदी
त्या तळटीपेचा अर्थ काय, यावर त्याच वर्षी चार कार्डिनलांनी (कॅथलिक चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी) पोपना लेखी प्रश्न विचारले होते. त्यामुळे ती अंतिम उत्तर म्हणून माझ्यापुढे ठेवू नका. आपल्या बहिणीने न्यायाधिकरणाकडे जावे. तेथे विवाह अवैध ठरला तर माझ्याकडून एक शब्दही येणार नाही. त्याआधी मी माझे मत बदलणार नाही.

तिसरा बाक
‘उंबरठा’, त्यांचा सूर मला आवडला नाही तरी सल्ला विचारात घ्या. पहिल्या पतीला नोटीस जाते, पण त्याने उत्तर दिले नाही म्हणून प्रकरण अडत नाही. लग्नाआधीही त्याच्या स्वभावात हिंसा होती, हे सांगू शकणारे साक्षीदार शोधा आणि तुमच्या धर्मप्रांताच्या कार्यालयात आधी नुसते बोलून घ्या.

उंबरठा
आपला आपुलकीचा सल्ला मी तिला सांगेन, निर्णय तिचा आहे. पण आम्ही यावर पूर्वी बोललो आहोत आणि तिची अडचण मला माहीत आहे. त्या दिवशी तिची संमती खरी होती. तिचे त्याच्यावर प्रेम होते आणि पहिली काही वर्षे त्यानेही तिला नीट वागवले. लग्न झालेच नव्हते, असे शपथेवर सांगायला ती तयार नाही, कारण ते खोटे ठरेल असे तिला वाटते. ते झाले होते आणि त्याने ते मोडले, एवढेच तिचे म्हणणे आहे. ‘जुनी वेदी’, खोटे बोलायचे नाही म्हणून जी स्त्री बाकावर बसून राहते, तिच्यासाठी आपल्या नियमात काय आहे, हे मी आपल्याला पुन्हा विचारते.