जुन्या .22 पिस्तुलात नवं मॅगझिन घट्ट जातंय आणि जुनं खाली लोंबतंय, दोष नक्की कुठला समजायचा?

नमस्कार मंडळी, जुन्या रिमफायर (गोळीच्या बुडाच्या कडेवर पिन आदळून उडणाऱ्या) पिस्तुलांवर हात बसलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय, तीन आठवडे झाले मी या एकाच गोष्टीभोवती फिरतोय.

पिस्तूल कोल्ट वूड्समन, काकांचं. त्यांनी याच्यावर आयुष्यभर टार्गेट मारलं, आता माझ्याकडे आहे आणि मला ते कपाटात ठेवायचं नाही, चालवायचं आहे. मॅगझिन (गोळ्यांची डबी) धरून ठेवणारा खटका मुठीच्या तळाला मागे आहे आणि शेवटची गोळी गेली की स्लाइड मागे थांबते, म्हणजे हे 1955 नंतरचं, तिसऱ्या सिरीजचं. हे आधीच सांगतोय कारण 1947 ते 1955 मधल्या दुसऱ्या सिरीजला खटका ट्रिगरच्या मागे बाजूला असतो, आणि मी आधी घाईघाईत जे एक वापरलेलं मॅगझिन घेतलं ते नेमकं त्या सिरीजचं निघालं, आत जायचं पण अडकायचंच नाही. नुसतं 'वूड्समनचं मॅगझिन' एवढं वाचून कुणी पैसे टाकू नका, सिरीज विचारा.

आता माझ्याकडे दोन आहेत. एक काकांचं मूळचं आणि एक नवं, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेलं. दोन्ही 10 गोळ्यांची.

मूळचं अगदी लोण्यासारखं आत जातं, खटका टक् करून लागतो, पण लागल्यावरही खालीवर हलतं, व्हर्नियरने बघितलं तर जवळजवळ 1 मिमी. रेंजवर तिसरी चौथी गोळी आली की स्लाइड पुढे येते आणि चेंबर (नळीचं मागचं तोंड, जिथे गोळी बसते) रिकामाच, गोळी मॅगझिनमध्ये जागच्या जागी. घरी डमी गोळ्या भरून (खऱ्या गोळ्यांनी घरात हे करू नये, आणि रिमफायरमध्ये रिकामा घोडाही सारखा पाडू नये, पिन चेंबरच्या कडेवर आदळते) स्लाइड हाताने ओढत बघितलं. मॅगझिनला खालून अंगठ्याने वर दाबून धरलं तर 10 च्या 10 जातात. अंगठा सोडला की परत तेच. म्हणजे मॅगझिन खाली बसतंय आणि बोल्टला (गोळी पुढे ढकलणारा स्लाइडचा भाग) गोळीच्या रिमची, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेची, जेमतेम वरची कड मिळतेय, कधी पकडतो कधी वरून निसटतो, हे तरी मला पक्कं वाटतंय.

यावरून मी म्हटलं स्प्रिंग दमलेली नसणार, कारण स्प्रिंग दमली असती तर अंगठ्याने काही फरक पडला नसता. बरोबर ना? मग उरतं एकच, एकतर खटक्याचं टोक झिजलंय किंवा मॅगझिनच्या तळपट्टीची मागची कड जिथे खटका धरतो ती झिजलीय. आणि इथेच घोडं अडलं. नवं मॅगझिन लावून बघावं तर ते अजिबात हलत नाही, पण ते मुळात इतकं घट्ट आहे की खटका चांगला म्हणून हलत नाही का नुसतं चेपून बसलंय म्हणून हलत नाही ते कळणार कसं.

नव्याची गोष्ट अशी की अर्ध्यापर्यंत जातं, शेवटचा सेंटिमीटर तळहाताने दाबावा लागतो आणि खटका ओढला तरी बाहेर येत नाही, नखाने ओढून काढायचं. ग्रिपचे स्क्रू आत टोचत असतील म्हणून दोन्ही ग्रिप काढून बघितल्या, फरक शून्य. मग अख्ख्या मॅगझिनला काळं मार्कर फासलं, आतबाहेर केलं आणि दिव्याखाली धरलं. सगळीकडे काळं जसंच्या तसं, फक्त मागच्या बाजूला जिथे पत्रा जोडलाय त्या सांध्यावर नखाएवढ्या लांबीची एक चकचकीत रेघ, आणि डाव्या लिपच्या (मॅगझिनच्या तोंडाशी गोळी धरणारी आत वळलेली कड) खाली टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका. बोट फिरवलं तर सांध्यावर बारीक उंचवटा लागतो.

इथे मला एक म्हणायचंय. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले फ्रेमच्या आतून जरा कानस मार, दोन मिनिटांचं काम. मी ते करणार नाही. मॅगझिन बिघडलं तर दुसरं मिळेल, फ्रेम दुसरी मिळणार नाही, आणि काकांनी ज्या वस्तूला कधी ओरखडा पाडू दिला नाही तिच्यात मी कानस घालू शकत नाही. जे काय घासायचं ते मॅगझिनचंच.

काल रात्री एवढं लिहून ठेवलं होतं, आज पुढचं. 600 चा पॉलिश पेपर काचेवर सपाट ठेवून फक्त त्या सांध्याची रेघ घासली, दर चार पाच घासांनी मार्कर, परत आत, परत दिवा. तासभर गेला पण आता खटका ओढला की अर्धं बाहेर येतं. आणि मुख्य म्हणजे आत सैल जात असूनही लागल्यावर खालीवर हलत नाही! म्हणजे खटका ठीक आहे, काकांच्या मॅगझिनची तळपट्टीच गेलीय, असंच ना?

पण नव्यात आता दुसरंच दिसलं. पहिली गोळी तिरकी, नाक वर करून चेंबरच्या वरच्या कडेला धडकते. लिप्सचं अंतर मोजलं तर उजवी बाजू काकांच्या मॅगझिनसारखीच, डावी मागच्या टोकाला 0.3 मिमी बाहेर. भरताना वरच्या गोळीची रिम खालच्या रिमच्या पुढेच ठेवतोय, त्यामुळे रिममध्ये रिम अडकण्याचा प्रकार नाही. गोळ्या साध्या, 40 ग्रेन वजनाच्या, स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे नेहमीच्या वेगाच्या.

तर विचारायचंय ते हे. डावी लिप आत घ्यायची तर पक्कडीने थेट दाबू, का आत लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर? एका वेळी किती, आणि कडक केलेला पत्रा असेल तर चिरण्याआधी काही अंदाज येतो का? दुसरं, काकांच्या मॅगझिनच्या तळपट्टीची कड वेल्डचा ठिपका टाकून परत भरून घेणं कुणी केलंय का, का त्या उष्णतेने आतल्या स्प्रिंगची वाट लागते? पट्टी काढायला पिन ठोकावी लागेल आणि मला अजून धीर होत नाहीये. ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी आधी काय केलं, मग काय केलं, तेवढं सांगा. मार्कर लावलेले फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकतो.